वरोरा : कोळसा संपल्यानंतरचे गाव

वर्धेहून हिंगणघाटमार्गे बल्लारपूरकडे जाणारी आगगाडी वाटेत वरोरा स्थानकावर येते. दिल्ली आणि चेन्नई यांना जोडणाऱ्या या मार्गावर वरोरा हे नाव आज विशेष उठून दिसत नाही. तथापि, लोहमार्ग येथवर प्रथम आला, तो याच गावच्या दगडी कोळशासाठी, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळसा गोंडवन काळातील खडकांत आढळतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी दलदलीत वाढलेली वनराई गाळाखाली गाडली गेली आणि दाब व उष्णता यांच्या योगाने तिचा कोळसा झाला. वरोऱ्यास हा थर भूपृष्ठावर कोठेही उघडा पडलेला नव्हता. त्यामुळे जमिनीत छिद्रे पाडूनच त्याचा शोध घ्यावा लागला. भूगर्भशास्त्र खात्यातील ह्यूज यांनी या खोऱ्याविषयीचा आपला विस्तृत प्रबंध १८७७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी वर्धा-वरोरा लोहमार्ग सुरू झाला. सरकारी मालकीच्या या खाणीतील कोळसा आगगाड्यांच्या इंजिनांना मिळू लागला, आणि शेतीवर व आठवड्याच्या बाजारावर जगणाऱ्या या गावात खाणकामगार, कारकून व रेल्वेचे नोकर यांची वस्ती वाढली.

अशा खाणीत छत कोसळू नये म्हणून कोळशाचेच खांब राखून ठेवतात आणि शेवटी शेवटी तेही काढून घेतात. वरोऱ्याच्या कोळशाचा आणखी एक दुर्गुण होता : हवेचा संपर्क होताच तो आपोआप तापून पेट घेई. एकीकडे आगीची धास्ती आणि दुसरीकडे आटत चाललेला साठा, अशा स्थितीत १९०६ साली ही खाण बंद झाली. पुढे लोहमार्ग बल्लारपूरपर्यंत गेला आणि कोळशाचे महत्त्वही त्याच्यामागून दक्षिणेकडे सरकले.

खाण बंद झाली म्हणजे गाव ओस पडते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. वरोरा ओस पडले नाही. कापसाचा व धान्याचा बाजार, तहसिलीची कचेरी आणि खाणीने मागे ठेवलेला लोहमार्ग यांनी गावाला सावरले. येथील मराठीवर वऱ्हाडी वळण आहे. आसपासच्या खेड्यांत गोंडांची जुनी वस्ती आहे, आणि दक्षिणेचे सान्निध्य व रेल्वेची ये-जा यांमुळे तेलुगू व हिंदी बोलही कानी पडतात.

याच गावात मुरलीधर देविदास आमटे हे वकिली करीत. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी मैला वाहणाऱ्या सफाई कामगारांचे काम स्वतः करून पाहिले. त्या दिवसांत वाटेवर दिसलेल्या एका कुष्ठरोग्याने त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. गावाबाहेरच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर उभ्या राहिलेल्या आनंदवनाचे उद्घाटन १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते झाले. ज्यांना समाजाने टाकून दिले होते, त्यांनीच तेथे विहिरी खोदल्या, शेती पिकवली आणि घरे बांधली. आपल्या श्रमाने पिकवलेले अन्न त्यांनी मानाने खाल्ले. पुढे समितीने काढलेल्या महाविद्यालयांत गावची व आसपासच्या खेड्यांची मुले शिकू लागली. बाबा आमटे २००८ मध्ये निवर्तले. आनंदवन चालूच आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील माजरी, घुग्घुस, बल्लारपूर या गावांचे जीवन आजही थोड्याबहुत प्रमाणात कोळशाशी बांधलेले आहे. त्यांचाही साठा एक दिवस सरेल. त्या दिवसाची तयारी कोळसा असतानाच करावयाची असते. कोळसा एकदाच काढता येतो. लोहमार्ग, बाजार, शाळा आणि माणसांचे श्रम मात्र पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडतात. वरोऱ्याच्या इतिहासाने ही गोष्ट शंभर वर्षांहून अधिक काळ पडताळून दाखविली आहे.