पाचटाखालचे जिवाणू

१९२६ साली भंडारदरा धरण पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढत गेला. बेलापूर, टिळकनगर, मग १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना. ऊस गव्हाणीत गेला, वाढं जनावरांपुढे पडलं. पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, तेवढं फडात उरलं, आणि ते पेटवायची रीत पडली. हेक्टरी आठ-दहा टन पाचट, त्यात अर्धा टक्का नत्र. म्हणजे चाळीस-पन्नास किलो नत्र दर तोडीला धुरात जात होतं.

हे पाचट मुख्यतः सेल्युलोजचं, आणि सेल्युलोज खाणारे जिवाणू तोवर विज्ञानाला ठाऊक होते. इंग्लंडात रोथॅमस्टेडला हचिन्सन आणि क्लेटन यांनी १९१९ मध्ये मातीतला असा एक जिवाणू वर्णिला होता. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा कुजवण्याची पद्धत बसवली, १९३१ मध्ये पुस्तकही लिहिलं. हॉवर्ड यांचं नाव जगभर झालं. वाड यांचं नाव मराठी शेतकऱ्यालाही माहीत नसावं, याचं वाईट वाटतं.

१९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाने पुढे खोडव्यासाठी, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसासाठी, शिफारस दिली: बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका, नंतरची खतं पहारीने द्या. यात युरिया का, हे समजून घेण्यासारखं आहे. पाचटात नत्राच्या सत्तर-ऐंशी पट कर्ब असतो. एवढा कर्ब पचवायला जिवाणूंना जास्तीचं नत्र लागतं. ते वरून मिळालं नाही तर जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो.

असे जिवाणू शोधण्याचं काम १९८२ नंतर सोपं झालं. कॅनडात टीदर आणि वूड हे संशोधक गाईच्या पोटातले जिवाणू तपासत होते. त्यांनी काँगो रेड रंगाची युक्ती दिली. माती पाण्यात विरळ करून सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) घातलेल्या आगरवर पसरायची, वसाहती वाढल्या की रंग ओतायचा, मग मिठाच्या पाण्याने धुवायचं. जिथे सेल्युलोज फुटलं, तिथे वसाहतीभोवती फिकट कडं दिसतं. साध्या महाविद्यालयातही हे जमतं.

पण त्या कड्यावर फार विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे. सीएमसी हे पाण्यात विरघळणारं, आधीच सैल केलेलं सेल्युलोज. खऱ्या पाचटात ते घट्ट बांधलेलं, लिग्निनने वेढलेलं असतं; तिथे बुरशीचीही साथ लागते. म्हणून निवडलेला जिवाणू आधी गाळण-कागदाच्या पट्टीवर, मग पाचटाच्या तुकड्यांवर आणि शेवटी नगरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत, उन्हाळ्याच्या तापात पारखायला हवा. तिथे ओल टिकली नाही, तर दहा किलोंचं पाकीट वाया जातं. सरीत पाणी फिरत राहिलं, तर तीन-चार महिन्यांत पाचट हातात चुरतं.