शंभरीची लाल बस आणि तिचा कंडक्टर

येत्या १५ जुलैला मुंबईच्या बसला शंभर वर्षं पूर्ण होतात. १९२६ साली त्या दिवशी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. शताब्दी म्हटल्यावर डबलडेकरचे जुने फोटो निघतील, ३१ मार्च १९६४ ला बंद झालेल्या ट्रामच्या आठवणी निघतील. निघायलाच हव्यात. पण शंभरीचा हिशेब मांडायचा तर तो थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारून मांडायला हवा.

गेल्या वर्षीची भाडेवाढ सगळ्यांच्या लक्षात आहे. ९ मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं, एसीचं ६ वरून १२. गोवंडीहून चेंबूरला घरकामाला जाणाऱ्या आणि पास न काढणाऱ्या बाईला महिन्याच्या २६ दिवसांत जाऊन-येऊन २६० रुपये जास्त पडू लागले. तिच्या पगारात ही रक्कम लहान नाही. तरीही थांब्यावर पाच मिनिटं उभं राहिलं, तर भाड्यापेक्षा दुसरीच तक्रार जास्त ऐकू येते. दहा रुपये देऊ, पण गाडी वेळेवर सोडा, असा एकूण सूर असतो.

तो सूर खोटा नाही. पंधरा वर्षांपूर्वी ही बस चालवणाऱ्या ‘बेस्ट’ उपक्रमाच्या ताफ्यात साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या. २०२५ मध्ये त्या पावणेतीन हजारांच्याही खाली आल्या आणि त्यांतल्या स्वतःच्या मालकीच्या तर पाचशेहून कमी उरल्या. बाकीच्या भाडेतत्त्वावरच्या. गाडी आणि ड्रायव्हर ठेकेदाराचा, वरचा रंग आणि नाव बेस्टचं. २०१९ मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारात स्वमालकीच्या ३,३३७ बस कायम ठेवण्याचं ठरलं होतं. शहर वाढलं, गाड्या घटल्या. कुर्ला ते वांद्रे धावणाऱ्या ३१० नंबरला सकाळी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) ऑफिसांकडे जाणाऱ्यांची जी झुंबड उडते, ती पाहिली की हे गणित आकड्यांशिवायही कळतं. ज्याला बसमध्ये पाय ठेवायला मिळत नाही, तो शेअर रिक्षाच्या रांगेत जातो आणि बसच्या कितीतरी पट पैसे मोजून ऑफिस गाठतो. स्वस्त बस आलीच नाही, तर ती सगळ्यात महाग पडते.

मुंबईची बस इतकी वर्षं लोकांची वाटली, यात गाड्यांइतकाच कंडक्टरचा वाटा आहे. त्याच्याविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण शताब्दीच्या भाषणांत तो हमखास राहून जाईल. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा पत्र्याचा डबा आणि पंच. गर्दीत तो दिसत नसे, पण दांडीवर पंच आपटल्याचा टकटक आवाज कानावर आला की माणसं आपसूक सुटे पैसे काढत. डब्यात वेगवेगळ्या रंगांच्या तिकिटांचे गठ्ठे ओळीने लावलेले असत. अंगठ्याने तिकीट ओढायचं, टप्प्यावर भोक पाडायचं, उरलेले पैसे बोटांच्या फटीत दुमडलेल्या नोटांतून द्यायचे, आणि हे सगळं गाडी वळण घेत असताना, एका खांद्याने सीटला रेलून. सुटे नसले तर तिकिटाच्या मागे आकडा लिहून द्यायचा. तो आकडा म्हणजे शब्द होता. उतरण्यापूर्वी प्रवासी हाक मारत आणि पैसे मिळत. दोरी ओढून एक घंटी दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. धावत येणारी म्हातारी मागच्या दारातून दिसली, तर दुसरी घंटी किती वेळ रोखायची हे कुठल्याही नियमावलीत नसे. ते त्याचं त्याला कळे.

बस मुंबईकरांना माणसं ओळखायला शिकवत होती आणि कंडक्टरला तर रोज. जॉनी वॉकर सिनेमात येण्यापूर्वी याच बसमध्ये कंडक्टर होते. गर्दीचं लक्ष आपल्या आवाजावर खिळवून ठेवण्याची तालीम त्यांना इथेच मिळाली असावी.

पुढे डब्याच्या जागी तिकिटाचं यंत्र आलं, मग मोबाइलवरचं ‘चलो’ ॲप आलं. यंत्राला विरोध करण्याचं कारण नाही. गाडी कुठवर आली हे फोनवर दिसणं, सुट्या पैशांची कटकट संपणं, ही खरी सोय आहे. अडचण आहे ती कंडक्टरच गाडीतून उतरवण्यात. काही मार्गांवर तिकीट थांब्यावर फाडायचं आणि गाडी विनावाहक सोडायची, असं झालं. अशा गाडीत आजी चढली, तिला कुठे उतरायचं ते ठाऊक नाही, मागच्या बाजूला कुणी मुलीला त्रास देतंय, दारात तीन पोरं लटकली आहेत. हे सगळं आता एकट्या ड्रायव्हरने, आरशात पाहत, वाहतुकीतून वाट काढत सांभाळायचं.

ड्रायव्हरचाही विचार व्हायला हवा. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात ३३२ मार्गावरची भाडेतत्त्वावरील इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि माणसं मेली. बारा मीटरची गाडी हाती देण्यापूर्वी प्रशिक्षण किती दिलं जातं, हा प्रश्न त्यानंतर उघडपणे विचारला गेला. ठेक्यावरच्या ड्रायव्हरांनी पगारासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये संप केला, तेव्हा लाखो प्रवाशांचे हाल झाले होते. पगाराची शाश्वती नसलेल्या माणसाकडून शहराने शिस्तीची आणि वर्षानुवर्षांच्या अनुभवाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

गाड्या आणि माणसं का वाढवत नाही, असं विचारलं की बेस्ट तोट्यात आहे, हे उत्तर ठरलेलं असतं. एके काळी बेस्टच्याच वीजपुरवठ्याच्या नफ्यातून बसची तूट भरून निघत असे, तो आधार गेला, हे खरं. पण रस्ता, उड्डाणपूल किंवा सागरी किनारा मार्ग नफ्यात आहे का, असं कुणी विचारत नाही. २०१९ मध्ये किमान भाडं ८ वरून ५ रुपये केलं, तेव्हा दुरावलेले प्रवासी मोठ्या संख्येने परतले होते. लोकांना बस हवी आहे, याचा याहून ठोस पुरावा कोणता? ‘आमची मुंबई आमची बेस्ट’ हा नागरिकांचा मंच हेच वर्षानुवर्षं सांगत आला आहे. डेपोंच्या जागांवर इमारती उभ्या करून पैसा काढण्याच्या योजना पुन्हा पुन्हा येतात. त्या जागा गेल्या, तर उद्या गाड्या घेतल्या तरी रात्री उभ्या कुठे करणार?

१५ जुलैला महापालिकेने आणि राज्य सरकारने एवढं जाहीर करावं: स्वतःच्या किती गाड्या कोणत्या महिन्यात रस्त्यावर येणार, त्यासाठीची रक्कम कोणत्या अर्थसंकल्पात धरली आहे, आणि किती मार्गांवर कंडक्टर परत गाडीत चढणार.