विंडो मॅनेजरचा पर्याय आणि शीर्षकपट्टीतील मराठी : ग्रामीण महाविद्यालयातील जुन्या संगणकांच्या संदर्भात

प्रस्तावना :

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य थांबविले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि, इंटेलचा प्रक्रियक असल्यास, तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असणे आवश्यक आहे. या अटींमुळे अनेक महाविद्यालयांच्या संगणक कक्षातील चालू स्थितीतील यंत्रे एका दिवसात ‘कालबाह्य’ ठरली. परभणी जिल्ह्यातील पालम हे गंगाखेड–लोहा–नांदेड मार्गावरील तालुक्याचे गाव. अशा गावातील महाविद्यालयापुढे दोनच मार्ग दिसतात. एक तर डेडस्टॉक नोंदवहीतील यंत्रांचे निर्लेखन करावयाचे, किंवा त्यांवर लिनक्ससारखी युनिक्स परंपरेतील प्रणाली बसवावयाची. नॅकच्या स्वयंअध्ययन अहवालात विद्यार्थी-संगणक गुणोत्तर मागितले जात आले आहे, त्यामुळे निर्लेखनाचा निर्णय केवळ तांत्रिक राहत नाही.

दुसरा मार्ग स्वीकारला तरी अडचण संपत नाही. गनोमसारखे संपूर्ण मेज-पर्यावरण, म्हणजे डेस्कटॉप, काहीही न उघडता साधारणतः एक जीबीच्या आसपास स्मृती व्यापते. दोन जीबी स्मृतीच्या संगणकावर त्यानंतर फारसे काही उरत नाही. तेथे हलक्या विंडो मॅनेजरचा विचार सुरू होतो. हा बदल करताना स्मृतीचा हिशेब सर्वजण करतात. मराठीचा हिशेब मात्र बहुधा राहून जातो. प्रस्तुत लेखात बदलाची पद्धती आणि हा राहून गेलेला हिशेब या दोहोंचा विचार केला आहे.

विंडो मॅनेजर म्हणजे काय ?

एक्स विंडो प्रणालीचा आरंभ १९८४ साली एमआयटीच्या ‘प्रोजेक्ट अथेना’ या उपक्रमात झाला; तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली आली आणि तीच पुढे रूढ झाली. पडद्यावर रेषा, अक्षरे व चौकोन काढण्याची सोय प्रणालीने पुरवावी, पण चौकटी कशा दिसाव्यात आणि कशा हलाव्यात हे तिने ठरवू नये, असे या रचनेचे तत्त्व होते. ते ठरविण्याचे काम एका स्वतंत्र आज्ञावलीकडे सोपविण्यात आले. हीच आज्ञावली म्हणजे विंडो मॅनेजर, अर्थात खिडकी-व्यवस्थापक. खिडकीभोवतीची चौकट, वरची शीर्षकपट्टी, बंद करण्याची व लहान करण्याची बटणे हे सर्व तो काढतो. आतील मजकूर मात्र त्या त्या उपयोजनाचा असतो.

ही विभागणी पुढील विवेचनाचा आधार आहे. एका वेळी एकाच आज्ञावलीला खिडक्यांवरील हा अधिकार मिळतो. दुसरीने तो मागितल्यास एक्स सर्व्हर नकार देतो. म्हणून विंडो मॅनेजर ‘बदलावा’ लागतो, एकावर एक असे दोन चालविता येत नाहीत. तथापि अनेक विंडो मॅनेजर एकाच संगणकावर स्थापित करून ठेवण्यास कोणताही प्रत्यवाय नाही. विंडोजच्या सवयीमुळे पडद्याचे रूप आणि प्रणाली ही एकच वस्तू वाटते. युनिक्समध्ये तसे नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

१९८७ च्या टीडब्ल्यूएमपासून १९९३ चा एफव्हीडब्ल्यूएम, १९९७ चे विंडो मेकर, ब्लॅकबॉक्स व आइसडब्ल्यूएम, २००१ चा फ्लक्सबॉक्स, २००२ चा ओपनबॉक्स, २००६ चा डीडब्ल्यूएम आणि २००९ चा आयथ्री अशी ही परंपरा आहे. शेवटचे दोन खिडक्या एकमेकींवर न ठेवता फरशीसारख्या शेजारी शेजारी मांडतात. आज्ञावली लिहिणाऱ्यास ते सोयीचे असले तरी एमएस-सीआयटीच्या अभ्यासक्रमातून आलेल्या, खालच्या डाव्या कोपऱ्यात बटण शोधणाऱ्या विद्यार्थ्यास ते परके वाटतात. त्याच्यासाठी आइसडब्ल्यूएम किंवा पट्टी जोडलेला ओपनबॉक्स अधिक ओळखीचा ठरतो.

स्थापनेची पद्धती :

डेबियन किंवा तिच्यावर आधारित प्रणालीत स्थापना अवघ्या एका आज्ञेची असते. प्रशासकाच्या अधिकाराने ‘ॲप्ट इन्स्टॉल ओपनबॉक्स’ ही आज्ञा दिली की आज्ञावली उतरून घेतली जाते आणि प्रवेश-पडद्यावरील सत्रांच्या यादीत तिची नोंद होते. बाहेर पडून पुन्हा प्रवेश करताना त्या यादीतून नवे सत्र निवडावयाचे. जुने मेज-पर्यावरण जागेवरच राहते. नवे न रुचल्यास पुढच्या प्रवेशाच्या वेळी जुने निवडता येते. प्रयोग निर्धोक आहे तो यामुळेच.

प्रथम प्रवेश केल्यावर मात्र रिकामा पडदा दिसतो, त्यावर ना चिन्ह ना पट्टी. संगणक अडकला असे समजून येथेच अनेकजण विजेचे बटण दाबतात. वस्तुतः रिकाम्या जागी उजवी कळ दाबली की ओपनबॉक्सची सूची उघडते. पट्टी हवी असल्यास टिंट२ ही छोटी आज्ञावली वेगळी बसवावी लागते.

मेज-पर्यावरण पडद्यामागे जी कामे मुकाट्याने करीत असते त्यांची जाणीव येथे होते. वाय-फायचे चिन्ह, आवाजाचे नियंत्रण, पेन ड्राइव्ह आपोआप जोडला जाणे, पडदा कुलूपबंद होणे यांपैकी कशाचीही जबाबदारी नुसता विंडो मॅनेजर घेत नाही. वीजपुरवठा खंडित होण्याची सवय असलेल्या भागात लॅपटॉपच्या बॅटरीचे चिन्ह नसणे ही साधी गैरसोय नव्हे. ही सर्व आज्ञावली ओपनबॉक्सच्या ‘ऑटोस्टार्ट’ या फाइलमध्ये एकेका ओळीने नोंदवावी लागतात. मराठी कळफलकाचेही तसेच. सेटएक्सकेबीमॅप या आज्ञेने ‘यूएस’ व ‘इन’ हे दोन कळफलक आणि त्यांत अदलाबदल करणारी कळ ठरवून दिली की इनस्क्रिप्ट उपलब्ध होतो. ध्वन्यनुसारी टंकलेखनाची सवय असलेल्यांसाठी आयबस ही सेवाही याच फाइलमधून सुरू करावी लागते.

ओपनबॉक्सची सूची ‘मेनू.एक्सएमएल’ या साध्या मजकूर-फाइलमध्ये असते आणि ती युनिकोडमध्ये लिहिता येते. त्यामुळे ‘हजेरी’, ‘ग्रंथालय सूची’, ‘टंकलेखन’, ‘बंद करा’ अशा चार-सहा मराठी शब्दांची, त्या कक्षापुरती सूची कोणताही प्राध्यापक तयार करू शकतो. कोणा भाषांतर-प्रकल्पाची वाट पाहावी लागत नाही. विंडो मॅनेजर बदलण्याचा हा लाभ स्मृतीच्या बचतीपेक्षा मोठा मानावयास हरकत नाही. कारण वाचलेली स्मृती ब्राउझरचे चार-पाच टॅब उघडताच संपते. तयार झालेल्या फाइली ‘इटीसी’ निर्देशिकेतील ‘स्केल’ या उपनिर्देशिकेत, मूळ मांडणी कायम राखून, ठेवल्या की त्यानंतर उघडल्या जाणाऱ्या प्रत्येक खात्यास त्या आपोआप मिळतात.

शीर्षकपट्टीतील देवनागरी :

आता राहून गेलेल्या हिशेबाकडे वळता येईल. शीर्षकपट्टीवरील अक्षरे उपयोजन काढीत नाही, विंडो मॅनेजर काढतो. लिब्रेऑफिसमध्ये ‘विद्यार्थी यादी’ या नावाची फाइल उघडली असता आतील मजकूर निर्दोष दिसतो. कारण लिब्रेऑफिस अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे ग्रंथालय वापरते. वरच्या पट्टीवर मात्र तेच नाव मोडके दिसू शकते.

युनिकोडमध्ये देवनागरी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठविलेला असतो. ‘वि’ या अक्षरात आधी ‘व’ आणि मग ऱ्हस्व इकार असतो. पडद्यावर मात्र इकार आधी काढावा लागतो. ‘द्य’ हे द, हलन्त आणि य या तीन संकेतांतून घडते. ‘र्थी’ मधील रफार साठवणीत आधी आणि चित्रात शेवटी, शिरोरेषेवर येतो. हा क्रमबदल व जोडणी करणारा टप्पा पँगो या ग्रंथालयात आहे आणि पँगो त्यासाठी हार्फबझचेच साहाय्य घेते. ओपनबॉक्स आणि एक्सएफसीईचा एक्सएफडब्ल्यूएम४ शीर्षक काढण्यासाठी पँगो वापरतात. फ्लक्सबॉक्स व डीडब्ल्यूएम मात्र एक्सएफटी या अधिक साध्या ग्रंथालयावर विसंबतात. एक्सएफटी प्रत्येक संकेतासाठी एक चित्र घेऊन ओळीने मांडते, जोडणी करीत नाही. परिणामी इकार व्यंजनानंतर येतो, जोडाक्षर फुटते आणि रफार जन्मतच नाही.

गंमत अशी की ‘पालम’ हे नाव या चाचणीत नेहमीच उत्तीर्ण होते. त्यात जोडाक्षर नाही, ऱ्हस्व इकार नाही, रफार नाही. ‘परभणी’चेही तसेच. स्थापना करणाऱ्याने गावाचे नाव टंकित करून पाहिले आणि ‘मराठी चालते’ असा शेरा दिला, तर तो शेरा फसवा ठरतो. ‘विद्यार्थी’ या एका शब्दात मात्र तिन्ही दोष एकदम उघडे पडतात. त्याच्या जोडीला ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्यावा. त्यातील अर्धा ‘ऱ’ मराठीचा विशेष आहे आणि फाँटमध्ये त्याची सोय आहे की नाही हेही कळून येते. रेड हॅटने मुक्त केलेले लोहित कुळातील देवनागरी फाँट डेबियनच्या भांडारात उपलब्ध आहेत. पण योग्य फाँट बसवूनही केवळ एक्सएफटीवर चालणाऱ्या पट्टीतील जोडाक्षर जुळणार नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. दोष फाँटचा नसून जोडणीच्या टप्प्याचा असतो, आणि चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती करण्यात दिवस जातो.

हा प्रश्न पूर्वी फारसा जाणवला नाही, त्यालाही कारण आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटच्या काळात फाइलींची नावे रोमन लिपीतच दिली जात. कार्यालयीन कामकाज युनिकोडमध्ये आल्यावर मराठी नावे पट्टीवर आली, आणि पट्टी कोण काढतो हा प्रश्नही तिच्यासोबत आला. मोडके शीर्षक पाहून ‘लिनक्समध्ये मराठी नीट नाही’ असा निष्कर्ष काढणारा प्राध्यापक चुकत असतो, पण त्याचा अनुभव खोटा नसतो.

वेलँडकडे संक्रमण :

एक्सची जागा आता वेलँड घेत आहे. २००८ साली आरंभ झालेल्या या रचनेत पडदा जुळविणारी आज्ञावली आणि विंडो मॅनेजर एकच असतात. त्यामुळे ओपनबॉक्स, फ्लक्सबॉक्स किंवा आइसडब्ल्यूएम वेलँडच्या सत्रात विंडो मॅनेजर म्हणून चालत नाहीत. उबुंटूच्या २५.१० या आवृत्तीत गनोमचे एक्सवर आधारित सत्रच काढून टाकण्यात आले. डेबियन १३ ने ऑगस्ट २०२५ मध्ये ३२-बिट संगणकांसाठी स्थापना-संच देणे थांबविले, म्हणजे सर्वांत जुन्या यंत्रांना विंडो मॅनेजर बदलूनही फारसा आधार उरत नाही. ६४-बिट यंत्रांसाठी लॅबडब्ल्यूसी हा ओपनबॉक्सच्या धर्तीवरील वेलँड पर्याय आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या प्रणालीने २०२४ साली तोच स्वीकारला. तोही शीर्षकासाठी पँगो वापरतो आणि मेनू.एक्सएमएलची मांडणी बहुतांशी ओपनबॉक्ससारखीच ठेवतो, त्यामुळे एकदा लिहिलेली मराठी सूची थोड्या फेरफाराने तेथे नेता येते. कळफलकासाठी मात्र सेटएक्सकेबीमॅप तेथे उपयोगी पडत नाही. ‘यूएस’ व ‘इन’ ही नोंद लॅबडब्ल्यूसीच्या ‘एन्व्हायर्नमेंट’ या फाइलमध्ये करावी लागते.