शंभरातील एकही चुकता कामा नये

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरील शेतकऱ्याला परीक्षेचे महत्त्व मुद्दाम समजावून सांगावे लागत नाही. मृग जवळ आला, की जाणता कुणबी तुरीच्या बियाण्यातील शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि काही दिवसांनी किती उगवले ते पाहतो. नव्वद उगवले तर त्याचे समाधान होते. सत्तर उगवले तर पेरताना तो दाणा थोडा अधिक टाकतो. तोटा भरून निघतो. परंतु शंभरांपैकी नव्याण्णव साधले तरी फसलेच म्हणावे, असेही एक काम जगात आहे. ते म्हणजे जमिनीत पुरलेले भूसुरुंग काढण्याचे.

भूसुरुंग हा शब्द मराठी घरांत ऐकू येतो तो बहुधा गडचिरोलीच्या वार्तांमुळे. तेथे १ मे २०१९ रोजी रस्त्यातील स्फोटाने पंधरा पोलीस जवान व त्यांच्या वाहनाचा चालक यांचा बळी घेतला. सैन्ये सीमेवर पेरतात ते सुरुंग मात्र निराळे. ते हजारोंच्या संख्येने ओळींनी पुरलेले असतात आणि तह झाला, सैन्य माघारी गेले, तरी ते आपल्या जागी वाट पाहत राहतात. सैनिकाचे पाऊल कोणते आणि गुराख्याचे कोणते, हे त्यांना कळत नाही. २००१-०२ साली ‘ऑपरेशन पराक्रम’च्या वेळी पंजाब, राजस्थान व जम्मूच्या सीमेवर पिकाऊ शेतांतही असे सुरुंग पेरले गेले. पुढे ते काढताना जवानांना आणि त्या भागातील शेतकऱ्यांना प्राणांची व अवयवांची किंमत मोजावी लागली.

पूर्वी हे काम सर्वस्वी माणसाच्या हातांवर आणि धैर्यावर चाले. १९४१ च्या आरंभी आफ्रिकेच्या रणभूमीवर बावीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी चार दिवस पहाटेपासून सायंकाळपर्यंत खपून पंचावन्न मैलांच्या वाटेवरील पंधरा सुरुंगक्षेत्रे मोकळी करविली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते ज्या बॉम्बे सॅपर्स दलात होते, त्याचे केंद्र आपल्या पुण्याजवळ खडकी येथे आहे. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, अल् अलामीनच्या लढाईत रणगाड्यापुढे फिरता रूळ बसवून त्याच्या साखळ्यांनी जमीन झोडपण्याचा प्रयोग झाला. खळ्यात तुरी बडवाव्यात, तसाच हा प्रकार!

आज आपल्या देशातही अशी साधने घडतात. पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेत सुरुंग हटविण्याच्या साधनांवर काम होते. बेंगळुरूच्या ‘बीईएमएल’ या सरकारी कंपनीशी जुलै २०२० मध्ये टी-९० रणगाड्यांसाठी १,५१२ सुरुंग-नांगरांचा करार झाला.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. रणांगणावर सैन्याला पुढे जाण्यापुरती एक वाट हवी असते, तीही त्वरेने; काही धोका पत्करूनच ती काढली जाते. खेड्याला वाट पुरत नाही, सारे रान हवे असते. तेथे मुले खेळणार, बायका वैरण कापणार. म्हणून शेतकऱ्याच्या रानात यंत्र उतरविण्यापूर्वी त्याची कसून परीक्षा घ्यावी लागते.

या परीक्षेची रीत युरोपीय मानकीकरण समितीने २००४ साली प्रथम ठरविली आणि २००९ मध्ये ती सुधारली. तिचे भाग तीन. पहिली परीक्षा कामगिरीची. निरनिराळ्या मातीत, ठरावीक खोलीवर खोटे सुरुंग पुरतात. यंत्र वरून गेल्यावर एकेक उकरून किती फुटले, किती मोडले आणि किती तसेच राहिले ते मोजतात. यंत्राच्या वाटेत लगद्याचे पातळ तक्ते आडवे उभे पुरलेले असतात. त्यांच्या कापल्या गेलेल्या कडेवरून साखळी कोठे किती खोल गेली आणि कोठे उथळ राहिली, ते कळते. दुसरी परीक्षा टिकाऊपणाची. यंत्राखाली खरी स्फोटके उडवितात. यंत्र पुन्हा चालू लागते काय आणि चालक सुरक्षित राहतो काय, हे तेथे ठरते. तिसरी परीक्षा स्वीकृतीची. ती ज्या देशात काम करावयाचे, तेथील जमिनीत घ्यावयाची.

ही तिसरी परीक्षा कशासाठी, हे आपल्या दोन जिल्ह्यांच्या मातीवरूनच उमगेल. बीदरच्या पठारावर लाल जांभा. त्यात लोह भरपूर, आणि अशा जमिनीत धातुशोधक यंत्र सुरुंग नसतानाही वाजू लागते. कलबुर्गीकडे काळी रेगूर. पावसात ती चाकाला गच्च धरते आणि वैशाखात दगडासारखी होऊन भेगाळते. भुसभुशीत वाळूत उत्तीर्ण झालेले यंत्र या दोन्ही ठिकाणी तसेच चालेल, याची हमी कोण देणार? प्रमाणपत्र एवढेच सांगते, की या मातीत, एवढ्या ओलीत, एवढ्या खोलीवर हे यंत्र असे चालले. त्यापुढची हमी त्यावर लादणे म्हणजे दुसऱ्याचा पाय पणाला लावणे होय.

म्हणूनच यंत्र फिरल्यावरही काम संपत नाही. मागून शोधक यंत्र घेतलेली माणसे किंवा शिकविलेली कुत्री तीच भूमी पुन्हा तपासतात. यंत्र झाडी तोडते, जमीन मोकळी करते, बहुतेक सुरुंग निकामी करते. शेवटचा शब्द मात्र त्याचा नसतो.

सुरुंग पेरायचेच नाहीत, असा करार १९९७ साली ओटावा येथे झाला. पोपमहोदयांच्या परमपीठाने त्यावर आरंभीच स्वाक्षरी केली. भारताने मात्र अद्याप ती केलेली नाही. परंतु जे आधीच पेरलेले आहेत, ते कोणत्याही स्वाक्षरीने निघत नाहीत. ते वीतवीत भूमी तपासूनच काढावे लागतात.

काही देशांत जमीन परत देण्याच्या दिवशी एक रीत पाळतात. ज्यांनी ती साफ केली, तेच गावकऱ्यांच्या देखत तिच्यावरून चालून दाखवितात. मग शेतकरी आपला नांगर आत घालतो.