शहरी वाहतुकीतील दुचाकीस्वाराची सुरक्षितता : पुणे शहराच्या संदर्भात

प्रास्ताविक

सायकलींचे शहर ही पुण्याची एकेकाळची ओळख होती. पुढे सायकलीची जागा स्कूटरने आणि नंतर मोटारसायकलने घेतली. आज कोणत्याही महाविद्यालयाच्या वाहनतळावर दुचाकींच्याच रांगा दिसतात. पेठांतील अरुंद रस्ते आणि वाढलेली अंतरे यांचा विचार करता दुचाकी ही येथील मध्यमवर्गाची चैन नसून गरज आहे. मात्र या वाहनाविषयी एक समज शहरात घट्ट रुजलेला आहे. गर्दीमुळे शहरात वेग घेता येत नाही, म्हणून धोका महामार्गावर असतो, शहरात नसतो, असे मानले जाते. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हाही हाच युक्तिवाद केला गेला. हा समज शास्त्रीय कसोटीवर कितपत टिकतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समस्येचे स्वरूप

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या. हेल्मेट न वापरलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. हे आकडे संपूर्ण देशाचे आहेत, केवळ शहरांचे नव्हेत. तरीही एक गोष्ट त्यांतून स्पष्ट होते. हेल्मेट ही केवळ चालकाची बाब नाही. मागे बसलेली पत्नी, मुलगी वा मैत्रीण तेवढ्याच धोक्यात असते.

कमी वेगाचा भ्रम

दुचाकीवर बसलेल्या व्यक्तीचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. एवढ्या उंचीवरून खाली येणारी वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. हा वेग गुरुत्वाकर्षणामुळे येतो, वाहनाच्या गतीशी त्याचा संबंध नाही. म्हणजे वाहन जवळजवळ थांबलेले असतानाही तोल जाऊन डोके सरळ रस्त्यावर आपटले, तर आघात याच प्रतीचा असू शकतो. गर्दी हा वेग कमी करीत नाही.

दुसरा मुद्दा थांबण्याच्या अंतराचा आहे. धोका दिसल्यापासून ब्रेक लावेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तेवढ्या वेळात सुमारे १४ मीटर पुढे जाते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यानंतर थांबण्यास आणखी तितकेच अंतर लागते. ताशी ३० किलोमीटर वेगास हे एकूण अंतर सुमारे १३ मीटरपर्यंत खाली येते. पहिल्या पावसात धूळ व तेल यांचा राप रस्त्यावर पसरून घर्षण घटते आणि ब्रेक लावल्यानंतरचे अंतर दुपटीच्या घरात जाऊ शकते. गर्दीत दोन वाहनांमधील अंतर मात्र अनेकदा दोन-तीन मीटरच असते.

ब्रेक लावताना वाहनाचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. घाबरलेला चालक केवळ मागचा ब्रेक दाबतो आणि मागचे चाक घसरते. उलट पुढचे चाक जाम झाल्यास वाहन क्षणात आडवे होते. म्हणूनच एप्रिल २०१९ पासून १२५ घन सेंटिमीटरपेक्षा अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा, तर त्याखालील दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्रित लागण्याची किमान सोय बंधनकारक झाली.

न दिसण्याचा धोका

अपघात दुचाकीस्वाराच्या बेदरकारपणामुळेच होतात, हेही अर्धसत्य आहे. या विषयावरील एक मूलभूत अभ्यास अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात हॅरी हर्ट यांनी केला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९०० अपघातांची प्रत्यक्ष जागेवर तपासणी झाली होती. मोटारसायकल आणि अन्य वाहन यांच्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश टकरींत अन्य वाहनचालकाने दुचाकीचा मार्गहक्क डावलला होता. दुचाकी त्याला दिसलीच नव्हती, किंवा दिसेपर्यंत उशीर झाला होता.

पुण्याच्या रस्त्यावर याचीच स्थानिक रूपे आढळतात. बस आणि पदपथ यांमधील फटीतून दुचाकी पुढे काढण्याची सवय सार्वत्रिक आहे. बसचालकाची डावी बाजू बऱ्याच अंशी त्याच्या दृष्टीआड असते. शिवाय बस डावीकडे वळते तेव्हा तिचे मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा आतून जाते. ज्या फटीत दुचाकीस्वार शिरतो, ती फट बस वळता वळता मिटते. उभ्या मोटारीचे अचानक उघडलेले दार आणि पाण्याखाली लपलेला खड्डा हे धोकेही असेच वेगावर अवलंबून नसलेले आहेत.

हेल्मेटचे कार्य

डोके रस्त्यावर आदळते तेव्हा कवटी थांबते, परंतु आतील मेंदू गतिमानच असतो. कवटी किती अंतरात थांबते यावर इजा अवलंबून असते. हेल्मेटच्या आतील थर्माकोलसारखा थर चिरडला जाऊन हे अंतर काही मिलिमीटरवरून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि आघाताचा जोर त्या प्रमाणात घटतो. अनेक अभ्यासांच्या २००८ मधील एकत्रित परीक्षणानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी, तर डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. अर्थात पट्टा न बांधलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्यात निघून जाते, आणि एकदा आघात सोसलेले हेल्मेट पुन्हा उपयोगाचे राहत नाही.

महाविद्यालयांची भूमिका

कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थी बहुधा १६-१७ वर्षांचे असतात. या वयात केवळ ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या विनागिअर वाहनाचा परवाना मिळू शकतो. बाजारातील बहुतेक पेट्रोल स्कूटर त्याहून कितीतरी अधिक क्षमतेच्या आहेत. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालकास वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. ही माहिती प्रवेशाच्या वेळीच पालकांना लेखी देता येईल. वाहनतळावर प्रवेश देताना परवाना पाहणे, भौतिकशास्त्राच्या तासाला थांबण्याच्या अंतराचे गणित सोडवून घेणे, राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत परिसरातील धोकादायक चौकांची नोंद करून ती महानगरपालिकेस सादर करणे, हे उपाय फारसे खर्चिक नाहीत. अर्थात प्राध्यापकच हेल्मेट हँडलला अडकवून प्रवेशद्वारातून येत असतील, तर या साऱ्याचा परिणाम शून्य राहील.

समारोप

खड्डे बुजवणे, चौकांची रचना सुधारणे व सार्वजनिक वाहतूक सक्षम करणे ही शासन आणि महानगरपालिका यांची जबाबदारी आहे, आणि हेल्मेटसक्तीच्या चर्चेत ती झाकली जाता कामा नये. परंतु रस्ते सुधारेपर्यंत विद्यार्थी त्याच रस्त्यांवरून रोज वर्गात येणार आहेत आणि घरी परतणार आहेत. दीड मीटर ही उंची पेठेतल्या बोळातही दीड मीटरच असते, एवढे जरी आपण त्यांना पटवून देऊ शकलो, तरी काही जीव वाचतील.