शब्दसूची कोणाच्या मालकीची?

इंटरनेटवर काही शोधावयाचे म्हणजे गूगल, हे आज आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्यापूर्वी हे काम कोणी करीत होते याचाच विसर पडला आहे. म्हणून येथे आम्ही अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राची हकीकत सांगणार आहोत.

१९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग व डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी याहू सुरू केले. ग्रंथपालाने कपाटे लावावीत तशी ती माणसांनी हाताने लावलेली वर्गवारी होती. पण पानांचा पूर आल्यावर हात कोठवर पुरणार? अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पालो आल्टो येथील संशोधकांनी निराळी वाट काढली. कल्पना पॉल फ्लॅहर्टी यांची. लुई मोनिए यांनी पाने गोळा करणारा 'स्कूटर' रचला. तो एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जाई. मायकेल बरोज यांनी शब्दसूची रचली. पुस्तकाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पानावर ते दिलेले असते, तशीच ही सूची. प्रश्न आला की यंत्र सारी पाने चाळीत नाही, फक्त सूची पाहते. म्हणून उत्तर क्षणात मिळते. १५ डिसेंबर १९९५ रोजी सुमारे १ कोटी ६० लाख पानांची ही सूची लोकांना खुली झाली. पुढल्याच वर्षी याहूही तिचा आधार घेऊ लागले.

मग ते मागे का पडले? एक कारण कामाच्या पद्धतीतले होते. पानावरील शब्दांवर क्रम ठरे, तेव्हा धंदेवाईकांनी पानांत शब्द कोंबावयास सुरुवात केली. १९९८ साली स्थापन झालेल्या गूगलने, कोणत्या पानाकडे किती व कोणाचे दुवे येतात, हे मोजून त्यावर उपाय केला.

दुसरे कारण मालकीचे. डिजिटलला या यंत्राद्वारे मुख्यतः आपल्या अल्फा संगणकांची ताकद दाखवावयाची होती. १९९८ साली कॉम्पॅकने डिजिटल विकत घेतली. १९९९ साली अल्टाव्हिस्टाचा मोठा हिस्सा सीएमजीआयकडे गेला. शोधाचे साधे पान जाऊन तेथे बातम्या व खरेदीचा बाजार मांडला गेला. २००३ साली ओव्हर्चरने व पाठोपाठ ओव्हर्चरसह याहूने ते घेतले. ८ जुलै २०१३ रोजी ते बंद झाले.

गिरणी विकली जाताना साच्यावरच्या माणसाला कोणी विचारीत नाही, हे आम्हां कामगारांना नवे नाही. येथे मात्र सौदा ज्ञानाच्या सूचीचा होता, आणि तिच्यावर विसंबणारे लाखो लोक त्या सौद्यात कोठेच नव्हते. आजही निराळ्या नावाने चालणारी पुष्कळ शोधयंत्रे आतून मायक्रोसॉफ्टच्या वा गूगलच्या सूचीवर अवलंबून असतात. दुकाने अनेक, पण कोठार एकदोघांचेच! म्हणूनच २०२२ साली युरोपीय संघाच्या पैशातून खुली शब्दसूची उभारण्याचा जो प्रकल्प सुरू झाला, त्याचे महत्त्व आम्हांस वाटते. गावाचे वाचनालय आपण वर्गणी काढून उभारतो. त्याच न्यायाने ही सूचीही सार्वजनिक असावी, ही मागणी मुळीच अवास्तव नाही.