एक मीटर, तीन चुली

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत राहणारे पेशंट आले की रक्तदाब तपासताना मी आणखी एक गोष्ट विचारतो : रात्री पंखा लावता का? ‘बिल लई येतंय डॉक्टर, बंदच ठेवतोय,’ हे नेहमीचं उत्तर. रात्रीही अंग थंड झालं नाही, तर हृदयावरचा आणि मूत्रपिंडावरचा ताण दुसऱ्या दिवशी कायम राहतो.

जास्त बिलामागे कधी साधं गणित असतं. घरगुती विजेचे पहिले १०० युनिट स्वस्त. पुढच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट. कोल्हापुरातल्या एखाद्या चाळीत तीन भाडेकरू एकाच मीटरवर, प्रत्येकाचा वापर ८० युनिट असं धरा. मीटर २४० दाखवतो आणि १४० युनिट महाग दरात जातात. मीटर वेगळे असते, तर स्थिर आकार तीनदा भरूनही तिघांचं मिळून बिल कमी आलं असतं. आकड्यांत मात्र हे घर ‘जास्त वापराचं’ दिसतं आणि उकाड्यात पंखा बंद ठेवणारं घर ‘काटकसरी’ ठरतं.

म्हणून महावितरणच्या आकड्यांना आणखी माहिती जोडायला हवी : एका मीटरवर किती चुली, छप्पर कशाचं, घरात वयस्कर माणूस किंवा फ्रिजमध्ये इन्सुलिन ठेवणारं कुणी आहे का. मग मदत आधी कुठे पोचवायची, ते कळेल.

तोवर एक हिशेब. ७५ वॅटचा पंखा रोज आठ तास चालला तर महिन्याला १८ युनिट. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा सुमारे ७. जमेल तेव्हा पंखा बदला. पण म्हाताऱ्या माणसाच्या खोलीतला पंखा रात्री बंद करू नका.